मुकादमबाईंच्या वरच्या दोन खोल्या

आमच्या घरमालकीणबाईंना गल्लीत सगळे मुकादमबाई म्हणतात. त्या कापड गिरणीत मागखात्याच्या मुकादम होत्या. गिरणी बंद पडून जमाना झाला, तिच्या जागेवर आता मोटारींचं शोरूम आहे, पण बाईंची मुकादमी काही सुटलेली नाही. गल्लीत नळाला आधी कोण, सायकली कुठे लावायच्या, कोणाच्या पोराला शाळेत कोणी सोडायचं, सगळं त्याच ठरवतात. नवीन पोस्टमन आला की पहिल्या दिवशी त्यांची बोलणी खातो आणि दुसऱ्या दिवसापासून वेळेवर येतो. अंगाने किरकोळ, पण सकाळी भाजीवाल्याला हाक मारली की पलीकडच्या गल्लीतला भाजीवालाही थांबतो.

त्यांनी मला घर दिलं. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, भाडं घेऊन कोणीही देतं. मलाही तसंच वाटायचं. राज्य बदलून परक्या गावात घर शोधायला निघेपर्यंत माणसाला असं बरंच काही वाटत असतं.

मी दातांच्या कवळ्या बनवते. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात, आम्ही लॅबमध्ये त्यावरून साचा करतो, मेणात दात बसवतो आणि पुढचं घासूनपुसून पूर्ण करतो. कामाचं नाव सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच तोंडावर हात धरतात. आमच्या गावची लॅब बंद पडली तेव्हा शेजारच्या राज्यातल्या, पण मराठीच बोलणाऱ्या एका गावातल्या लॅबच्या मालकांनी मला बोलावून घेतलं. पक्की नोकरी होती आणि पगारही बरा होता. मी नाचत जायला हवं होतं. पण माझ्याबरोबर बाबा येणार होते, आणि बाबांना ऐकू येत नाही.

बाबांचा जन्म गेला आमच्या गावच्या कापड गिरणीत, मागावर. कान तिथेच गेले. आई त्याच गिरणीत सुताच्या कांड्या भरायची. शेकडो माग एकदम खडखडत असतात तिथे घसा फोडून काही उपयोग नसतो, म्हणून गिरणीतली माणसं ओठांनी बोलतात. आवाज अजिबात काढायचा नाही, ओठ मात्र चांगले मोठे हलवायचे आणि समोरच्याने ते वाचायचे. आई-बाबा घरीही तसंच बोलायचे. आमच्या देखत आमच्याच तक्रारी करायचे आणि आम्हा भावंडांना ओ की ठो कळायचं नाही. कधी मध्येच दोघं हसायला लागायची, तेव्हा तर आमचा जळफळाट व्हायचा. शिकावं असं मात्र आमच्यापैकी कोणाला वाटलं नाही. ते त्यांचं होतं, आमच्याकडे आवाज होता.

आई गेली आणि बाबांशी बोलणारं घरात कोणी उरलं नाही. उरलो ते सगळे ओरडणारे. कानातलं यंत्र आणलं होतं, पण त्यात त्यांना नुसती घरघर ऐकू यायची, म्हणून ते डबीतच राहिलं. मग बाबा दादाकडे राहायला गेले. दादा वाईट नाही. पण त्याचं घर दोन खोल्यांचं, माणसं चार, म्हणून बाबांची खाट गॅलरीत. वहिनी "बाबा, जेवायला चला" म्हणून ओरडायची ते खालच्या मजल्यावरची माणसंही हात धुवायला उठतील इतकं मोठ्याने. बाबा ओशाळवाणे होऊन ताटावर येऊन बसायचे. हळूहळू ते बोलेनासेच झाले. विचारलं तर मान हलवायचे. मी भेटायला गेले की ते गॅलरीच्या कठड्याशी रस्त्याकडे बघत बसलेले असायचे, आणि मला घरी परत येईपर्यंत रडू आवरायचं नाही. नवी नोकरी मिळाली त्या दिवशीच मी ठरवलं, बाबा माझ्याबरोबर येतील.

मालकांनी सांगून ठेवलं होतं की कामावर रुजू होण्याआधी घर मिळालं तर ठीक, नाहीतर लॅबजवळ बायकांचं वसतिगृह आहे, तिथे माझी सोय होईल. माझी होईल, बाबांची नाही. म्हणजे रुजू होण्याआधीच्या त्या एका आठवड्यात घर मिळालं नाही तर बाबा परत गॅलरीत. आणि या वेळी गेले की ते तिथून पुन्हा उठायचे नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं.

आम्ही स्टेशनजवळच्या एका लॉजवर उतरलो आणि घरं बघायला लागलो. माझ्या पगारात बसणारी घरं कशी असतात ते त्या आठवड्यात मला कळलं. एका ठिकाणी स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता, तोही मालक काढून नेणार होते. एका ठिकाणी खिडकी होती, पण उघडली की शेजाऱ्यांच्या कपाटाची पाठ लागायची. जे घर बरं असायचं त्याचं भाडं ऐकून आम्ही जिना उतरताना एकमेकांकडे बघतही नसू.

एक दोन घरं जमण्यासारखी होती. तिथे दुसरंच निघालं. मालक विचारायचे, "इथलं ओळखीचं कोण आहे तुमचं?" परराज्यातल्या भाडेकरूची हमी घ्यायला गावातला माणूस हवा. माझ्या ओळखीचे म्हणजे लॅबचे मालक, आणि त्यांनी मला अजून एक दिवसही काम करताना बघितलं नव्हतं. ते कशी हमी देणार? आणि एवढंही कमी म्हणून की काय, आमचं बोलणं. मी घर बघता बघता बाबांना सांगायचे, "बाबा, हा संडास आहे!" ते "काय?" म्हणायचे. मी आणखी मोठ्याने सांगायचे. तोवर जिन्यात शेजारीपाजारी गोळा झालेले असायचे. एका सद्गृहस्थांनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्यात भांडणं फार होतात का?"

पुढच्या घरी मी शहाणपणा केला. तोंड मिटून, खाणाखुणा करत घर बघितलं. त्या मालकांना वाटलं आम्ही काहीतरी लपवतोय. त्यांनी दार लावून घेतलं आणि आतून कडी सरकवल्याचा आवाजही मुद्दाम केला, असं मला वाटलं. मी इतकी चिडले होते की रस्त्यातून जाताना बाबांवरच ओरडले. ते ओरडणं मात्र त्यांना नीट ऐकू आलं असावं, कारण त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि मुकाट्याने पुढे चालायला लागले.

शेवटच्या दिवशी लॉजच्या मॅनेजरला आमची दया आली. तो म्हणाला, "एक घर आहे. दोन खोल्या, वर गच्ची. भाडंही तुम्हाला झेपेल. पण तिथे कोणी राहायला तयार होत नाही. शेजारी पत्र्याच्या ट्रंका ठोकायचा कारखाना आहे, कानाचे पडदे फाटतात. आणि बाई मुकी आहे म्हणतात. माणसं जातात तशी परत येतात."

एव्हाना मी पत्र्याच्या ट्रंकेतसुद्धा राहायला तयार होते. आम्ही गेलो.

गल्लीच्या तोंडाशीच हातोड्यांचा आवाज छातीत वाजायला लागला. कारखान्याला लागून पिवळं, जुनं, पण स्वच्छ घर. दार वाजवायचा प्रश्नच नव्हता, ते उघडंच होतं. आतून एक बारीकशी म्हातारी बाई आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तोंड हलवायला लागली. शब्द काही येईना. मी ओरडून विचारलं, "काय?" तिने भुवया उंचावल्या आणि पुन्हा तोंड हलवलं. मला वाटलं काहीतरी चघळतेय. सवयीने माझं लक्ष तिच्या दातांकडे गेलं. वरची कवळी सैल होती, ओठ उघडला की खाली घसरत होती. कोणीतरी घाईत उरकलेलं काम. मी हात जोडले, मान हलवली आणि मागे वळणार, तेवढ्यात बाबा माझ्या पुढे झाले.

बाबांचे ओठ हलले. आवाज नव्हता, नुसते ओठ. आई गेल्यापासून मी ते तसे हललेले बघितले नव्हते.

बाई थबकली. तिचे हात कमरेवरून खाली आले. मग ती पायरी उतरून बाबांच्या अगदी समोर उभी राहिली आणि काहीतरी बोलली. बाबांनी उत्तर दिलं. तिने विचारलं, त्यांनी सांगितलं. पुढे तर कोण विचारतंय आणि कोण सांगतंय तेच कळेना, दोघांचे ओठ एकदम चाललेले. पत्रे बडवले जात होते, मला माझा श्वासही ऐकू येत नव्हता, आणि ही दोन माणसं बागेतल्या बाकावर बसल्यासारखी निवांत गप्पा मारत होती. मी आपली मध्ये उभी, कधी हिच्या तोंडाकडे बघतेय, कधी त्यांच्या.

थोड्या वेळाने बोलण्याचा रंग बदलला. बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग स्वतःकडे, आणि मग रस्त्याकडे. बाईने जोरात मान हलवून नाही म्हटलं. बाबांनी हात जोडले. आता मात्र बाई भडकली. तिने बोट नाचवत बाबांना असं काही फैलावर घेतलं की बाबांनी मान खाली घातली, आणि सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. भाड्यासाठी माझे बाबा कोणापुढे तरी हात जोडतायत, या विचाराने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांचा दंड धरून ओरडले, "बाबा, चला. नको आपल्याला हे घर." कोणाला काही ऐकू गेलं नाही. आज वाटतं, नशीब माझं.

मग कारखान्याची जेवणाची सुट्टी झाली आणि हातोडे थांबले. त्या शांततेत बाईंचा आवाज पहिल्यांदा माझ्या कानावर पडला, आणि मी दचकून एक पाऊल मागे गेले.

"सामान कधी आणताय?"

मी चाचरत विचारलं, "भाडं?" त्यांनी सांगितलं ते मॅनेजर म्हणाला होता त्याहूनही कमी होतं. मग मी, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत, म्हटलं, "पण इथलं आमच्या ओळखीचं कोणी नाही."

"मागावरच्या माणसाची हमी बाहेरचा कोण देणार?" मुकादमबाई म्हणाल्या. "आत या, पाणी प्या. आणि काय गं, वर्षभर खोल्या रिकाम्या आहेत. इतकी माणसं येऊन गेली, मी आपली घसा कोरडा करून सांगतेय, या, बसा, वर चला, आणि सगळी मख्खासारखी बघत उभी. एकाला बोललेलं कळेल तर शपथ. बहिरी कुठली."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुकादमबाई मुक्या नव्हत्या की खडूस नव्हत्या. गोंगाट सुरू झाला की त्यांचा आवाज आपोआप बंद व्हायचा आणि ओठ चालू व्हायचे. गिरणीतली सवय, ती हाडात गेलेली. गोंगाटात आपण आवाज काढत नाही, हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. वर त्यांची धाकटी बहीण राहायची. तीही गिरणीतलीच, तिला कळायचं. ती वारली आणि तेव्हापासून दिवसभर त्यांचं बोलणं कळणारं गल्लीत कोणी नव्हतं. हे मी आजवर त्यांना सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

आम्ही राहायला आलो. पहिला महिना माझं डोकं पत्र्यासारखं वाजत होतं, नंतर सवय झाली. तसंही दिवसभर मी लॅबमध्ये असते, संध्याकाळी मी येते तेव्हा कारखाना बंद झालेला असतो. दिवसाचा आवाज वाट्याला येतो तो या दोघांच्या, आणि त्यांना तो नसल्यासारखाच. वरून मुकादमबाईंचे नियम. गच्चीवर कपडे वाळत घालायचे तर पिळून, थेंब पडता कामा नये. जिन्यात चपला जोडीने. दुपारी बाबांनी खाली यायचं, चहा त्यांच्याकडे. हा नियम बाबांनी एकदाही मोडलेला नाही.

बाबा बदलले म्हणजे किती बदलले ते मी सांगू शकणार नाही. मी कामावरून आले की ते मला दिवसभराच्या बातम्या सांगायला लागले, तोंडाने, त्यांच्या त्या सपाट मोठ्या आवाजात. कोणाच्या सुनेने काय केलं, पोस्टमनला आज काय ऐकावं लागलं. मुकादमबाई वयाने आणि हुद्द्याने मोठ्या आहेत, हे ते मला रोज एकदा तरी सांगायचे, आणि रोज त्यांच्याशी कशावरून तरी वाद घालून यायचे. गल्लीत थोडी कुजबुज झाली. मुकादमबाईंनी नळावर सगळ्यांसमोर विचारलं, "कोणाला काही म्हणायचंय का?" कोणाला काही म्हणायचं नव्हतं. दादा वहिनीला घेऊन आला तेव्हा दारातच उभा राहून बघत राहिला. ओट्यावर बाबा हातवारे करून हसत होते. "हे आपलेच बाबा ना?" त्याने मला विचारलं. बाबांकडे बघताना त्याचे डोळे भरून आले, आणि माझा त्याच्यावरचा उरलासुरला राग तिथेच गेला.

मुकादमबाईंचे उपकार कसे फेडावेत, हे मला कळत नव्हतं. भाडं वाढवा म्हटलं तर अंगावर आल्या असत्या. पण एक दिवस बाबा तक्रार करत आले, "मुकादमबाई हल्ली तोतरं बोलतात." आवाज न काढता कोणी तोतरं कसं बोलेल, म्हणून मी चक्रावले. मग लक्षात आलं, ती कवळी. बोलता बोलता घसरते, ओठ तिला सावरायला जातात आणि शब्दाचा आकार बिघडतो. एवढंच काय ते मला करता येण्यासारखं होतं. मी त्यांना आमच्या लॅबला मापं पाठवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, माप घ्यायला लावलं आणि लॅबमध्ये त्यांची कवळी स्वतःच्या हाताने केली. इतकं मन लावून मी कोणाचे दात बसवले नसतील. मालक म्हणाले, "लग्नाचा दागिना करतेस की काय?"

डॉक्टरीणबाईंनी ती बसवून दिली त्या संध्याकाळी मी खाली गेले. मुकादमबाई आरशासमोर बसून ओठ हलवत होत्या, आधी हळूहळू, मग भराभर. कवळी जागची हलली नाही. मग म्हणाल्या, "बस इथे. तुझ्या बापाने सांगू नका म्हटलं होतं, पण आता मला राहवत नाही."

मी बसले.

"तुम्ही आलात ना पहिल्या दिवशी. तो म्हणाला, बाई, माझ्या पोरीला एकटीला एक खोली द्या. एका खोलीचं भाडं तिला जड जाणार नाही. माझ्यामुळे तिला कोणी घर देत नाही. मी आज रात्रीच्या गाडीने मुलाकडे परत जातो. मला घर पसंत पडलं नाही असं सांगेन तिला. हात जोडले त्याने माझ्यापुढे."

मला वाटलं होतं, ते हात जोडणं भाड्यासाठी होतं.

"मग तुम्ही?"

"मी काय? मी म्हटलं, अहो, बहीण गेल्यापासून माझं बोलणं कळणारा पहिला माणूस दारात आलाय आणि तो म्हणतो मी जातो. पोरगी राहील नाहीतर जाईल, पण तुम्ही गेलात तर मी खोल्यांना कुलूप घालीन. मुकाट्याने वर चला." मुकादमबाईंनी पदराने आरसा पुसला. तो स्वच्छच होता. "आणखीही बरंच बोलले. ते तुला सांगण्यासारखं नाही. मुकादमाचं बोलणं होतं."

मी त्यांच्या पाया पडले. एरवी मी कोणाच्या पाया पडत नाही. त्यांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाल्या, "कवळी छान झालीय."

मग मला बाबांचा राग आला. असा राग, की जिना चढून जावं आणि दोन्ही खांदे धरून विचारावं. पायरीवर पाय ठेवला आणि थांबले. बाबांना काही सांगायचं तर ओरडावं लागतं, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. "बाबा, तुम्ही मला सोडून जाणार होतात?" हे मी कसं ओरडणार होते? गल्लीने ऐकलं असतं, त्याचं काही नाही. पण ओरडल्यावर ते वाक्य तेच राहिलं नसतं.

मी परत आत गेले. "मुकादमबाई, मला एक वाक्य शिकवा. गिरणीतल्या पद्धतीने, ओठांनी."

कोणतं, ते मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि शिकवायला बसल्या. मुकादमीत सूट नव्हती. ओठ असे घट्ट मिटू नकोस. घाई करू नकोस. हनुवटी वर, त्याला तोंड दिसलं पाहिजे. माझ्याकडून त्यांनी ते पुन्हा पुन्हा घोटून घेतलं आणि मग म्हणाल्या, "जा."

बाबा स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, हनुवटी वर केली आणि आवाज न काढता म्हटलं, "तुम्ही नसाल तर मला घर नको."

बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना आधी कळलंच नाही की मी हे कोणत्या भाषेत बोलतेय. मग कळलं. त्यांचा चेहरा हलला, आणि त्यांनीही आवाज न काढता मला काहीतरी उत्तर दिलं. मला कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. तेही कळलं नाही. मग त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि अगदी सावकाश, एकेक शब्द मोठा करून सांगितलं, जसं ते आईला सांगायचे. या वेळी मला सगळं कळलं.

"दूध उतू जातंय."

मी धावले. दूध ओट्यावरून खाली ओघळत होतं. गॅस बंद करून मागे वळले तर बाबा हसत होते आणि रडत होते. मग त्यांचे ओठ पुन्हा हलले. हे त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. "नाही जात," ते म्हणाले.